पाहुण्यांना नेमकं काय विचारायचं?

महाविद्यालयात ‘उद्योगक्षेत्रातले तज्ज्ञ’ येणार म्हटलं की पुढचा कार्यक्रम सगळ्यांना पाठ असतो. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मग चाळीस-पन्नास मिनिटांचं पीपीटी. शेवटी ‘कुणाला काही प्रश्न?’ असं विचारलं जातं आणि पुढच्या रांगेतलं कुणीतरी आधीच ठरवून दिलेला प्रश्न विचारतं: सर, मार्केटिंगमध्ये करिअर करायचं तर कोणती कौशल्यं हवीत? पाहुणे सांगतात, संवादकौशल्य, चिकाटी आणि बदल स्वीकारायची तयारी. टाळ्या होतात, आभारप्रदर्शन होतं, नॅकच्या फाइलसाठी जिओटॅगवाला फोटो काढला जातो. यात कुणाचं काही बिघडत नाही. पण मार्केटिंगबद्दल काही कळलं, असंही होत नाही. ती तिन्ही कौशल्यं मंगल कार्यालयाच्या मॅनेजरलाही लागतात.

बी.कॉम., बीबीए किंवा एमबीएच्या बऱ्याच विद्यार्थ्यांनी आपापल्या महाविद्यालयात मार्केटिंग क्लब काढलेले असतात. पंचवीस-तीस मुलं, एक प्राध्यापक, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि मागून आणलेला प्रोजेक्टर, एवढाच सगळा सरंजाम. बाहेरची माणसं बोलावणं हे या क्लबांचं मुख्य काम, आणि ते नीट केलं तर पुस्तकातून न मिळणारी गोष्ट हाती लागते. जेरोम मॅकार्थींनी १९६० साली मांडलेले मार्केटिंगचे चार ‘पी’ आणि १९६७ पासून आवृत्त्या निघत आलेलं फिलिप कोटलर यांचं जाडजूड पुस्तक यांतून पर्याय कोणते असतात ते कळतं. त्यातला कोणता निवडला, कुणाच्या दबावाखाली निवडला आणि त्याचे पैसे कुणाच्या खिशातून गेले, हे फक्त ते काम करणाऱ्यालाच ठाऊक असतं. पाहुण्याकडून काढून घ्यायचं ते हेच. बाकी सगळी तयारी त्यासाठी.

सांगलीतलं एखादं वाणिज्य महाविद्यालय डोळ्यांसमोर ठेवू. माणूस निवडताना पहिल्यांदा सगळ्यांची नजर पुण्या-मुंबईकडे जाते, त्यातही मोठ्या हुद्द्याकडे. उपाध्यक्ष आले की पोस्टर छान दिसतं. पण उपाध्यक्ष दुकानाच्या फळीसमोर शेवटचे कधी उभे राहिले असतील, देव जाणे. क्लबच्या खऱ्या उपयोगाचा माणूस म्हणजे पाच-सहा वर्षं फिरतीवर असलेला एरिया सेल्स मॅनेजर. त्याच्याकडे ताजे अनुभव असतात आणि ते झाकून ठेवायची सवय अजून लागलेली नसते. दुसरा, गणपती पेठेतला एखादा वितरक. तिसरा, बेदाण्याचा व्यापारी. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ‘शेठ, मानांकनानंतर गिऱ्हाईक जास्त पैसे देतं का, की नुसतं खोक्यावरचं चिन्ह वाढलं?’ एवढा एक प्रश्न धरून बसलं तरी ब्रँड म्हणजे काय यावर दोन तास सहज जातात. हा माणूस ‘मार्केटिंग’ हा शब्द वापरणार नाही, पीपीटीही आणणार नाही. बरंच आहे.

(विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय केली. पंधरा वर्षांचा कामाचा अनुभव असलेल्या व्यक्तीला पीएच.डी. नसतानाही शिकवायला नेमता येतं, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत. चांगलंच आहे ते. पण क्लबला नेमणूक कुठे करायचीय? त्यांना नव्वद मिनिटं हवी आहेत.)

आता निमंत्रण. ‘आपण आपल्या अमूल्य मार्गदर्शनाचा लाभ द्यावा’ असं लिहिलं की पाहुणा मार्गदर्शन घेऊनच येतो. त्याऐवजी असा मेसेज जावा: ‘नमस्कार मॅडम. आम्हाला व्याख्यान नको आहे. गेल्या वर्षभरात तुम्ही कामात घेतलेला एक निर्णय समजून घ्यायचा आहे. एखादी स्कीम बंद केली असेल, वितरक बदलला असेल, एखाद्या तालुक्यातून माल काढून घेतला असेल. पर्याय काय होते, काय निवडलं, पुढे काय झालं. कंपनीचे खरे आकडे सांगता येत नसतील तर बदललेले चालतील, आम्हाला फक्त त्यांचं एकमेकांशी नातं कळलं पाहिजे. एकूण नव्वद मिनिटं, त्यातली निम्मी प्रश्नांची. प्रवासखर्च आम्ही देऊ.’

यातलं ‘बदललेले आकडे’ हे वाक्य सगळ्यात कामाचं. नोकरी करणाऱ्याला बाहेर बोलण्यावर कंपनीची बंधनं असतात आणि त्या धास्तीनेच तो इंटरनेटवर मिळतं तेवढंच बोलून मोकळा होतो. खरा आकडा उघडा पडणार नाही याची खात्री पटली की माणूस सैल होतो. विक्री २० लाखांची की ७० लाखांची, याने विद्यार्थ्याला काही फरक पडत नाही. त्यातले किती वितरकाकडे राहिले, हे कळलं पाहिजे.

पाहुणा येण्याआधीच्या आठवड्यात क्लबने दोन गोष्टी करायच्या. पहिली, दहा रुपयांचा फरसाणाचा पुडा आणून त्याचा हिशेब मांडायचा. एमआरपी १० रुपये, सगळे कर धरून. दुकानदाराला त्यातला एक रुपया सुटतो असं समजू. म्हणजे त्याने पुडा ९ रुपयांना घेतला. वितरक आपल्या खरेदीवर ५ टक्के ठेवतो, म्हणजे त्याला तो ८ रुपये ५७ पैशांना पडला. या किमतीत ५ टक्के जीएसटी आहे. तो बाजूला काढला की कंपनीच्या हातात ८ रुपये १६ पैसे राहतात. इथवर मुलं खूश असतात. मग सांगायचं की कंपनीने ‘बारावर एक’ स्कीम लावली आहे. तेरा पुडे गेले, पैसे बाराचे आले. ८.१६ ला बाराने गुणून तेराने भागलं की उरतात ७ रुपये ५३ पैसे. कच्चा माल, तेल, पॅकिंग, वाहतूक, पगार, जाहिरात आणि नफा, सगळं त्यातून. पाठ्यपुस्तकात ‘सेल्स प्रमोशन’ या शीर्षकाखाली एका ओळीत उरकलेली ती स्कीम पुड्यामागे ६३ पैसे घेऊन गेली. हे फळ्यावर एकदा मांडलं की पाहुण्याला ‘तुम्ही स्कीम का देता?’ असं कुणी विचारत नाही. ‘स्कीम बंद केल्यावर पहिल्या महिन्यात काय झालं?’ असं विचारतं.

याच हिशेबात आणखी एक गंमत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर खाली आले. फरसाण १२ वरून ५ टक्क्यांवर, बिस्किटं १८ वरून ५ टक्क्यांवर. मग दहाचा पुडा नऊ रुपये आणि काही पैशांना विकायचा का? सुट्टे कुणाकडे असतात? ५ आणि १० रुपये या नुसत्या किमती नाहीत, गिऱ्हाइकाच्या हातातली ती नाणी आहेत. त्यामुळे किंमत तीच ठेवून वजन वाढवायचा मार्ग निघतो. अशा वेळी किंमत ठरवणाऱ्या खात्यातल्या माणसाला बोलावता आलं तर सोन्याहून पिवळं.

दुसरी तयारी बाजारातली. प्रत्येकाने आपल्या भागातली चार-पाच किराणा दुकानं बघायची. माल कोणत्या फळीवर आहे, शेजारी कोण आहे, पुढच्या पुड्यावर तारीख कुठली आहे, हे टिपायचं. दुकानदाराला ‘तुमचं मार्जिन किती?’ असं विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही, वर ‘तू इन्कम टॅक्सवाला का?’ असं ऐकावं लागतं. गिऱ्हाईक नसलेल्या वेळी जावं, काहीतरी विकत घ्यावं आणि सहज विचारावं: ‘काका, यात सुटतं का काही?’ मग काका बोलतात. ‘त्यात कुठलं सुटतंय! लोक मागतात म्हणून ठेवायचं. सुटतं ते ह्याच्यात,’ असं म्हणून ते मागच्या फळीवरचा कधी नाव न ऐकलेला पुडा दाखवतात. ज्याला गिऱ्हाईक स्वतःहून मागतं त्या मालावर दुकानदाराला कमी देऊन भागतं. ज्याला कुणी ओळखत नाही त्याला फळीवर जागा मिळवायची तर जास्त द्यावं लागतं. जाहिरातीवरचा खर्च आणि दुकानदाराचं मार्जिन हे असे एकमेकांना बांधलेले आहेत. पुस्तकात त्यांची प्रकरणं मात्र वेगळी.

एवढी तयारी झाल्यावर प्रत्यक्ष दिवस सोपा जातो. व्यासपीठ नको. वर्गातल्या खुर्च्या गोल कराव्यात, सत्कार दोन मिनिटांत आटपावा, परिचय पाहुण्याच्या सध्याच्या कामापुरता द्यावा. सुरुवातीला पाहुण्याने त्या एका निर्णयाची गोष्ट सांगायची, मग प्रश्न. प्रश्न कुणी कोणत्या क्रमाने विचारायचे हे आधी ठरलेलं असावं, मात्र उत्तर ऐकून पुढचा प्रश्न बदलायची मोकळीक हवी.

समजा आलेला पाहुणा सेल्समधला आहे. तो बोलता बोलता म्हणतो, ‘महिनाअखेरीला प्रायमरी मारावी लागते.’ इथे थांबवून विचारलं पाहिजे, कारण अख्ख्या धंद्याची गुंतागुंत या एका वाक्यात आहे. कंपनीने वितरकाला विकलेला माल म्हणजे प्रायमरी. वितरकाने दुकानांना विकला तो सेकंडरी. दुकानातून आपण घेतो ती खरी विक्री, पण तिचा हिशेब किराणा दुकानात फारसा कुणी ठेवत नाही. सेल्समनचं टार्गेट बऱ्याचदा प्रायमरीवर असतं. मग २८-२९ तारखेला तो वितरकाला गळ घालतो: शेठ, एवढी गाडी उतरवून घ्या, पुढच्या महिन्यात बघू. कागदावर विक्री झाली. माल मात्र गणपती पेठेतल्या गोदामातच आहे.

यात वितरकाचं काय जातं, तेही पाहुण्याकडून फळ्यावर मांडून घ्यावं. धरून चालू की वितरकाचा महिन्याचा धंदा २० लाखांचा आहे. ५ टक्क्यांनी लाखभर रुपये सुटतात. सेल्समनचा पगार, टेम्पो, गोदामभाडं, हमाली मिळून ६० हजार गेले, उरले ४० हजार. वर्षाचे ४ लाख ८० हजार. आता भांडवल बघा. गोदामात पंधरा दिवसांचा माल म्हणजे १० लाख. बाजारात दहा दिवसांची उधारी म्हणजे साधारण पावणेसात लाख. एकूण पावणेसतरा लाख अडकले आणि त्यावर वर्षाला २८-२९ टक्के सुटले. धंदा बरा आहे. पण दर महिनाअखेरीला गाडी उतरवून घेऊन गोदामातला साठा पंधरा दिवसांवरून तीस दिवसांवर गेला, तर अडकलेले पैसे होतात पावणेसत्तावीस लाख. नफा तोच, ४ लाख ८० हजार. परतावा आला १८ टक्क्यांवर. त्यात एक्सपायरी झालेल्या मालाचे क्लेम कंपनीकडे तीन-चार महिने अडकले, तर शेठ एजन्सी सोडायची भाषा करू लागतात. आणि वितरकाने गाव सोडलं की टीव्हीवर कितीही चांगली जाहिरात असली तरी दुकानात माल नसतो. वर ज्या निर्णयाची गोष्ट मागितली, त्यातले बरेच निर्णय या आकड्यांभोवतीच फिरतात.

प्रश्न कसा विचारायचा याचा एक साधा नियम आहे: ‘काय करावं’ विचारू नये, ‘काय केलं’ विचारावं. २००३ च्या ऑक्टोबरात मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी आल्या, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली. माल दुकानात नीट साठवला जात नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. पुढे कंपनीने दुकानदारांसाठी ‘प्रोजेक्ट विश्वास’ काढला, २००४ च्या सुरुवातीला वेष्टन बदलून ते पक्कं सीलबंद केलं आणि जाहिरातीसाठी अमिताभ बच्चन यांना आणलं. हे प्रकरण मॅनेजमेंटच्या वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं जातं. त्या काळी दुकानांत फिरलेला कुठल्याही चॉकलेट किंवा बिस्किट कंपनीचा माणूस भेटला, तर ‘संकटकाळात ब्रँडने काय करावं?’ असं विचारून त्याला भाषणाची वाट दाखवू नये. दुकानदार दारातच काय म्हणाले? माल परत घ्यायचा की नाही हे कुणी ठरवलं, आणि परत घेतलेला माल ठेवला कुठे? दिवाळी तोंडावर असताना भेटीच्या डब्यांचं काय झालं? या प्रश्नांना ‘पारदर्शक संवाद महत्त्वाचा’ असलं उत्तर देता येत नाही.

जाहिरात संस्थेतला पाहुणा असेल तर गप्पांपेक्षा कामाला बसवणं चांगलं. अर्ध्या तासात क्लबने एका स्थानिक मालासाठी एका पानाचा ब्रीफ लिहायचा, पाहुण्याने लाल पेन घेऊन तो सगळ्यांसमोर कापायचा. सांगलीच्या पॅकबंद हळदीचा घ्या. मुलं हमखास लिहितात: लक्ष्यगट, सर्व वयोगटातील गृहिणी. पहिली रेघ तिथेच. हळद प्रत्येक घरात आहेच, आज ती कुठून येते? सुटी, की हळकुंडं आणून गिरणीतून दळलेली? मग बदलणारं नेमकं कोण? थोड्या वेळाने कुणीतरी लिहितं: सांगली-मिरजेकडची, आता पुण्यात दोन खोल्यांत राहणारी मुलगी, आई दरवर्षी दळलेली हळद पाठवायची, आता आईला झेपत नाही, आणि सुट्या हळदीचा भरवसा वाटत नाही. ही बाई डोळ्यांपुढे उभी राहते. तिच्याशी बोलता येतं.

दुसरी रेघ ‘१०० टक्के शुद्ध, भारतात नंबर १’ यावर पडते. पाहुणा विचारतो, पुरावा? जाहिरातीतल्या दाव्यांवर देखरेख ठेवणारी एएससीआय ही उद्योगाची स्वतःची संस्था १९८५ पासून आहे आणि २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. हळदीत लेड क्रोमेटसारखा विषारी रंग मिसळला जातो हे खरं आहे, त्यामुळे शुद्धतेची भीती खोटी नाही. पण ‘शुद्ध’ म्हणायचं तर प्रयोगशाळेचा अहवाल हातात हवा. कॉपीरायटिंग म्हणजे शब्दांचे खेळ, हा मुलांचा समज त्या लाल पेनाने बराच उतरतो.

डिजिटल मार्केटिंगवाल्यांची हल्ली सगळ्यात जास्त मागणी असते आणि त्यांच्याच सत्रातून सगळ्यात कमी हाती लागतं, असं माझं मत आहे. कारण ते साधनं दाखवत बसतात आणि साधनं वर्षभरात बदलतात. त्यांना एकच गणित सोडवायला लावावं. १० हजार रुपयांची जाहिरात, हजार वेळा दिसायला १०० रुपये, म्हणजे ती एक लाख वेळा दिसली. एक टक्का लोकांनी दाबली, म्हणजे हजार जण पानावर आले. त्यातल्या दोन टक्क्यांनी मागणी नोंदवली, म्हणजे वीस ऑर्डरी. एका ऑर्डरीमागे ५०० रुपये पडले. सहाशेच्या कुर्त्यात दोनशे सुटत असतील, तर प्रत्येक ऑर्डरीला तीनशेची खोट. मग ही जाहिरात बंद करायची, की तेच गिऱ्हाईक पुन्हा येईल या आशेवर चालू ठेवायची? तुमच्या क्लायंटने काय केलं? इथून पुढचं बोलणं ऐकण्यासारखं असतं.

कोणताही पाहुणा जिंकलेल्या लढाया सांगतो, हा माणसाचा स्वभाव आहे. म्हणून एक प्रश्न प्रत्येकाला ठेवावा: तुम्ही हौसेने सुरू केलेलं आणि नंतर बंद करावं लागलेलं असं काय? बहुतेक जण आधी हसतात, मग सांगतात. आणि जे सांगतील तेही ब्रह्मवाक्य मानू नये. सेल्स मॅनेजर म्हणाला की आमचा माणूस दर आठवड्याला प्रत्येक दुकानात जातो, तर ज्यांनी आधी दुकानं पाहिली आहेत त्यांनी परत जाऊन विचारावं. काका म्हणतील, ‘येतो की, महिनाअखेरीला.’ पाहुणा खोटं बोलला असं नव्हे. त्याच्या पडद्यावर भेटी दिसतात, दुकानात माणूस दिसतो की नाही, हा वेगळा प्रश्न.

सत्र संपल्यावर त्याच संध्याकाळी दोघा-तिघांनी बसून टिपण करावं. दुसऱ्या दिवशी अर्धं विसरलेलं असतं आणि उरलेलं अर्धं गोड झालेलं असतं. टिपणात पाहुण्याने टाळलेले प्रश्नही लिहावेत. टाळण्यातूनही बरंच कळतं. मग आठवडाभरात बाजारात जाऊन पडताळलेलं एका पानात लिहून पाहुण्यालाच पाठवावं: तुम्ही असं म्हणालात, आम्हाला बाजारात असं दिसलं. धन्यवादाच्या ठरीव मेसेजला कुणी उत्तर देत नाही, अशा पानाला देतात. कामात बुडालेल्या माणसाला आपल्या मालाबद्दल बाहेरून आलेली फुकटची माहिती नको असते थोडीच? अशी माणसं दुसऱ्यांदा बोलवायला सोपी जातात आणि इंटर्नशिपसाठी मुलं हवी असतील तर स्वतःहून विचारतात. याउलट, त्याच रात्री पाहुण्याला लिंक्डइनवर वीस मुलांच्या रिक्वेस्ट आणि बायोडेटा गेले की तो पुन्हा फोन उचलत नाही. क्लबने हा नियम सक्तीने पाळावा: पहिल्या महिन्यात नोकरीचं नाव काढायचं नाही.

यातलं काही टिकत नाही, कारण तिसऱ्या वर्षाची मुलं परीक्षा झाल्या की निघून जातात आणि जूनमध्ये नवी मुलं पुन्हा शाल-श्रीफळापासून सुरुवात करतात. त्यासाठी एक वही ठेवावी. पाहुण्याचं नाव आणि काम, त्याने सांगितलेला निर्णय, चाललेले प्रश्न, पडलेले प्रश्न, त्याने पुढे कुणाचं नाव सुचवलं, आणि त्याला कधी फोन करायचा. शेवटच्या रकान्यात सेल्सच्या माणसासमोर ‘महिन्याचा पहिला आठवडा’ असं लिहून ठेवावं. बेदाण्याच्या व्यापाऱ्यासमोर ‘उन्हाळ्यात नको’, कारण फेब्रुवारीपासून नवा माल यायला लागतो. जाहिरातवाल्यासमोर ‘गणपती ते दिवाळी सोडून कधीही’. आणि मार्च महिन्यात यांतल्या कुणालाच नाही.